बिनतारेची बुडी

चष्मेवाल्याला आपल्या साडूचा हेवा वाटतो हे त्याच्या बायकोला माहीत होतं, शेजारच्या चपलांच्या दुकानदाराला माहीत होतं, दुकानातल्या आरशांनाही एव्हाना कळलं असेल. माहीत नव्हतं ते एकट्या चष्मेवाल्याला. त्याच्या मते त्याला हेवा वगैरे काही वाटत नव्हता, साडूच्या काही गोष्टी पटत नव्हत्या इतकंच. आता दर रविवारी सासऱ्यांकडे गरम पाव घेऊन येणं ही काय रीत झाली? साडूची बेकरी होती, पाव त्याच्याच भट्टीतून निघत होता, त्यात त्यानं असा कोणता डोंगर उचलला? चष्मेवाला कधी दर रविवारी चष्मे वाटत फिरला होता?

घरात मात्र त्या पावाचं फार कौतुक. पिशवी उघडली की सासरे आधी वास घेत, मग डोळे मिटत, आणि मग धाकट्या जावयाकडे बघून म्हणत, "अरे, तू माझ्या सवयी बिघडवून ठेवणार." पावापेक्षा त्या 'अरे'नं चष्मेवाल्याच्या नाकाला मिरच्या झोंबत. तो थोरला जावई. या घरात आला तेव्हापासून सासरे त्याला 'जावईबापू' म्हणत, 'तुम्ही' म्हणत, आणि त्याला तो मान वाटे. पाववाल्याला वर्षाच्या आत 'अरे' मिळालं. तेव्हा कुठे चष्मेवाल्याच्या डोक्यात उजेड पडला की मान पाहुण्याला देतात.

सासरे जन्मभर किल्लीवाले. दोन मोठ्या दुकानांच्या मधल्या फटीत त्यांचं दुकान होतं, इतकं अरुंद की आत वळायचं तर आधी बाहेर यावं लागे. गावातली निम्मीशिम्मी कुलपं त्यांच्या किल्लीनं उघडायची. पण त्यांचा जीव होता नदीत. रविवार उजाडला की काठी घेऊन ते नदीवर. गांडूळ लावून मासे धरणाऱ्यांना ते माणसांत धरत नसत. मासा फसवायचा तर हातानं बनवलेल्या किड्यानं, असा त्यांचा बाणा होता.

नदीत दगडांच्या पोटाला चिकटून राहणारा एक तपकिरी किडा असतो. सगळं आयुष्य तो पाण्याखाली काढतो. मग एक दिवस तो वर येतो, पाण्याच्या पृष्ठभागाशी कात टाकतो, पंख पसरून उडतो आणि संध्याकाळपर्यंत मरूनही जातो. सासरे या किड्याची नक्कल करत, ती त्याच्या पाण्याखालच्या रूपाची. करायला अगदी सोपी. बारीक गळावर आधी तांब्याची पातळ तार गुंडाळायची, म्हणजे वजन आलं. मग कोंबड्याच्या शेपटीच्या पिसाचे चार तंतू घ्यायचे. त्यांची टोकं मागे सोडली की शेपटी झाली, उरलेले पुढे गुंडाळत आणले की अंग झालं. वरून पुन्हा तार फिरवून आवळायची, मानेपाशी छोटा उंचवटा करायचा, त्यावरून तंतू दुमडायचे आणि गाठ मारायची. पाण्यात टाकली की ती सरळ तळाशी जाई, म्हणून घरात तिचं नाव पडलं 'बुडी'. सासऱ्यांच्या डबीत एवढी एकच जात होती. दोऱ्याला ते हातही लावत नसत. जे काय बांधायचं ते तारेनं.

बुडी बांधताना गळ घट्ट धरायला त्यांनी किल्ल्या कातायच्या जुन्या यंत्राचा चिमटा काढून टेबलाच्या कडेला बसेल असा केला होता. त्याला घरात 'जबडा' म्हणत. वर्षानुवर्षं बोटं लागून त्याचं लोखंड गुळगुळीत झालं होतं. आणि नदीवर त्यांची एक जागा होती. बांधाच्या खाली, वेगाचं पाणी आणि संथ पाणी जिथे एकमेकांना घासून जातं तिथे एक सपाट दगड होता. त्या दगडावर एकच माणूस उभा राहू शके, आणि तो माणूस म्हणजे सासरे. गावातले बाकीचे गळवाले तो दगड रिकामा असला तरी लांबून जात.

चष्मेवाल्यानं लग्नानंतर या माणसाच्या मागे पिशवी वाहिली होती. थंडीत, उन्हात, ताप असताना. बुडी बांधायला तो त्यांच्याकडूनच शिकला, आणि चांगली शिकला. बारीक कामाची त्याच्या हाताला सवय होती. जबडा आणि दगड कधीतरी आपल्याकडे येणार याबद्दल त्याच्या मनात शंका नव्हती. मासे त्याला फारसे मिळत नसत, पण ते काय, नशिबाचा भाग.

पाववाल्याचं लग्न झालं आणि तोही नदीवर येऊ लागला. नव्याचे नऊ दिवस, असं चष्मेवाल्यानं मनाशी म्हटलं. नऊ दिवस गेले, नऊ महिने गेले, पाववाला येतच राहिला. त्याला काठी धड फिरवता येत नव्हती, दोरी झुडपात अडकायची, तो स्वतःच हसायचा, आणि सासरेही हसायचे. चष्मेवाल्याच्या दोरीची झुडपाशी कधी गाठ पडली नव्हती, म्हणून त्याच्याबरोबर हसण्याचा प्रसंगही कधी आला नव्हता. हेव्याला खतपाणी घालायला रिकामा वेळ लागतो, आणि चष्म्याच्या दुकानात दुपारी गिऱ्हाईक नसतं. काचा पुसता पुसता चष्मेवाला ते हसणं पुन्हा पुन्हा ऐकायचा.

अशातच एका रविवारी जेवण संपता संपता सासऱ्यांनी गुडघ्यांवर दोन्ही हात ठेवले आणि सांगून टाकलं की आता वाहत्या पाण्यात उभं राहणं होत नाही. पुढचा रविवार शेवटचा. त्यानंतर दगड आणि जबडा तुमच्यापैकी एकाचा.

तुमच्यापैकी एकाचा! थोरलीनं, म्हणजे चष्मेवाल्याच्या बायकोनं, नवऱ्याकडे पाहिलं. त्याचा घास तोंडातच होता. जे आपलंच म्हणून त्यानं मनात कधीचं ठेवून दिलं होतं, ते कोणीतरी फळीवरून खाली काढून टेबलावर मधोमध ठेवलं होतं. वर सासरे धाकट्या जावयाला म्हणाले, "तुला अजून बुडी बांधता येत नाही ना? यांच्याकडून शिकून घे. माझे डोळे आता तेवढे चालत नाहीत. यांचा हात म्हणजे माझाच हात."

दुसऱ्या कोणाला हे ऐकून मूठभर मांस चढलं असतं. चष्मेवाल्याला ऐकू आलं ते एवढंच की आपल्या हातानं साडूला तयार करून द्यायचं आहे.

पाववाला मंगळवारी दुपारी आला, बेकरीची दुपारची भट्टी लावण्याआधी. केसांत पीठ, हातात पिशवी, पिशवीत पाव. चष्मेवाल्यानं स्वयंपाकघराच्या टेबलावर सगळी मांडामांड करून ठेवली होती: गळ, पिसं, साधा बाजारातला चिमटा आणि तांब्याच्या तारेचं रीळ. दारावर थाप पडली तेव्हा त्याची नजर त्या रिळावर गेली. पुढचं त्यानं ठरवून केलं असं म्हणता येणार नाही, पण नकळत केलं असंही म्हणता येणार नाही. बायकोचं शिवणाचं सामान खिडकीत होतं. त्यानं तिचा बटणांचा डबा उघडला, रीळ आत खुपसलं, झाकण लावलं आणि तिथलाच तपकिरी दोरा उचलून टेबलावर ठेवला.

मग त्यानं मन लावून शिकवलं. कोणी बघितलं असतं तर म्हटलं असतं, काय हा मोठा भाऊ! तंतू किती घ्यायचे, शेपटी किती लांब सोडायची, दोरा किती ताणायचा, सगळं सांगितलं. फक्त वजनाबद्दल अवाक्षर काढलं नाही. दोरा तपकिरी, पिसं तपकिरी. वरून बघणाऱ्याला फरक कळू नये. पाववाल्याची बोटं जाड होती, पण पिठाच्या गोळ्याला किती दाबायचं हे जाणणारा हात होता तो. तिसरी बुडी त्यानं चष्मेवाल्याच्या तोडीची बांधली. चष्मेवाल्याच्या पोटात दुखलं, आणि त्याबरोबर बटणांच्या डब्याबद्दल जी काय टोचणी लागली होती ती पार गेली.

"एवढंच?" पाववाल्यानं विचारलं.

"एवढंच," चष्मेवाला म्हणाला. "सोपी असते म्हणून तर चालते."

पाववाला क्षणभर बुडीकडे बघत राहिला, मग त्यानं आभार मानले आणि दोरा मागून घेऊन गेला. त्या आठवड्यात त्यानं डबी भरेल इतक्या बुड्या बांधल्या. एकीलाही वजन नव्हतं. तळाशी असलेल्या माशांना त्या दिसणारसुद्धा नाहीत, असा चष्मेवाल्याचा हिशेब होता, आणि हिशेब बरोबर होता.

रविवार ढगाळ निघाला. नदीकाठी पोचल्यावर पाववाल्यानं नेहमीप्रमाणे पाव काढून प्रत्येकाच्या हातात दिला. चष्मेवाल्यानं आपल्या पावाचा लचका तोडला आणि त्याला आश्चर्य वाटलं. पाव शिळा होता. चांगला चिवट, कालचा. त्यानं चघळता चघळता सासऱ्यांकडे पाहिलं. म्हातारपणी दात कमी, म्हणून बोलत नसतील बिचारे. सुरुवात तर झाली, असं त्याच्या मनात आलं. आज पाव शिळा, उद्या आणखी काही. तो अख्खा पाव त्यानं मोठ्या चवीनं खाल्ला.

सासऱ्यांनी पाण्यात पाय घातला, दोन पावलं टाकली आणि माघारी आले. गुडघे त्या एका शेवटच्या दिवसालाही तयार नव्हते. ते काठावर घडीच्या स्टुलावर बसले. दगड रिकामा राहिला. दोन्ही जावयांनी तिकडे बघायचं टाळलं. चष्मेवाला वरच्या बाजूला वेगाच्या पाण्याशी उभा राहिला आणि पाववाला खाली, संथ पाण्यापाशी.

सकाळचा वेळ चष्मेवाल्याच्या मनासारखा गेला. त्याची तारेची बुडी तळाशी जाई, दगडांवरून गडगडत वाहत येई, आणि तो दोरीच्या टोकाकडे डोळे लावून उभा राही. दोरी जराशी अडखळली की समजायचं, मासा. एक मध्यम मासा त्याला मिळाला. पाववाल्याला काही नाही. त्याची बुडी पाण्याच्या कातडीखाली वीतभर लोंबकळत वाहत जात होती, हे चष्मेवाल्याला न बघताही माहीत होतं. सासरे एकदा म्हणाले, "छान, जावईबापू." त्यांचा आवाज मात्र रिकाम्या दगडाकडे तोंड करून आला होता.

मग हवा उबदार झाली आणि नदीचा नूर पालटला. आधी एक किडा पाण्यावर दिसला, पंख उभे धरून वाहत चाललेला. मग दुसरा. मग मोजायची सोय उरली नाही. तळाचे किडे वर निघाले होते. ते वर येऊन कात टाकायला पृष्ठभागाशी थबकत, आणि मासे त्यांच्या मागोमाग तळ सोडून वर आले होते. पाण्यावर जागोजागी भोवरे उठू लागले. आज, नेमका आज!

पाववाल्याची काठी वाकली. त्यानं मासा काठावर घेतला, परत सोडला, दोरी टाकली, आणि काठी पुन्हा वाकली. चष्मेवाल्याची जड बुडी सगळ्या माशांच्या पोटाखालून तळाशी जात होती, जिथे आता कोणी नव्हतं. त्यानं दोरी आखूड केली, बुडी पटकन वर ओढून बघितली, काठी उंच धरली. तार ती तार. त्याच्या डबीत एकही हलकी बुडी नव्हती. असणार कशी? करायला गेला गणपती आणि झाला मारुती. इथे तर मारुतीही साडूच्या अंगणात जाऊन बसला होता. त्याच्या छातीत इतकं जळत होतं की गार पाण्यात मांडीपर्यंत उभा असून त्याला घाम आला.

"दादा, माझी एक लावून बघा," पाववाल्यानं खालून हाक मारून सांगितलं.

"बाबांची पद्धत मी नाही सोडणार," चष्मेवाला म्हणाला. स्वतःच्याच कानाला ते फार उदात्त वाटलं.

सासऱ्यांनी पाववाल्याला जवळ बोलावलं आणि बुडी मागितली. त्यांनी चष्मा वर-खाली केला (चष्मेवाल्यानंच करून दिलेला), बुडी तळहातावर तोलली, मग थर्मासच्या झाकणात नदीचं पाणी घेऊन त्यात टाकली. ती बुडाली नाही. पाण्याच्या अगदी वरच्या थराखाली, खऱ्या किड्यासारखी, तरंगत राहिली. म्हातारा बराच वेळ त्या झाकणात बघत बसला.

चष्मेवाला पाण्यातून बाहेर आला. यायला नको होतं, पण पाय आपोआप आले. चोराच्या मनात चांदणं. त्याला वाटलं आता सगळं उघडं पडणार, आणि पडेल ते तोंडावरच पडेल.

"तार नाही हिच्यात," सासरे म्हणाले. "कोणी शिकवली अशी?"

"दादांनी," पाववाला म्हणाला. "दोऱ्यानं."

सासऱ्यांनी मान वर केली आणि थोरल्या जावयाकडे पाहिलं. चष्मेवाल्यानं खाली बघितलं.

"मी जन्मभर तारेशिवाय बुडी बांधली नाही," म्हातारा सावकाश बोलला. "किडे वर यायचे त्या दिवशी मी हात हलवत घरी जायचो, आणि म्हणायचो, आज माशांचं पोट भरलंय. इतकी साधी गोष्ट मला सुचली नाही. तुला सुचली. आणि सुचली ती तू स्वतःसाठी ठेवली नाहीस. डबीभर याला बांधायला शिकवलीस, आणि स्वतः माझी जड बुडी घेऊन मला बरं वाटावं म्हणून तिथे उभा राहिलास. आज, दगड कोणाला द्यायचा त्या दिवशी." त्यांनी नाक पुसलं. "माझ्याच्यानं हे झालं नसतं रे."

जे 'तू' ऐकायला चष्मेवाल्यानं इतकी वर्षं कान टवकारले होते ते हे असं आलं. त्यानं तोंड उघडलं. तोवर सासऱ्यांनी पाववाल्याची एक बुडी त्याच्या दोरीला स्वतः बांधली होती आणि दगडाकडे बोट दाखवलं होतं. तो गेला. दगड पायाला घसरडा लागला. पहिल्याच फेरीत पाण्यात भोवरा उठला आणि मासा लागला, दिवसातला सगळ्यात मोठा. काठावर म्हातारा टाळ्या वाजवत होता. चष्मेवाल्याला तो मासा ओढताना आपणच कुठेतरी ओढले जातोय असं वाटत होतं.

संध्याकाळी सासऱ्यांच्या घरी जबडा फ्लॅनेलच्या तुकड्यात गुंडाळून टेबलावर ठेवलेला होता. दोघी बहिणी होत्या, साडू होता. म्हातारा दुपारची गोष्ट तिसऱ्यांदा सांगत होता आणि दर वेळी थोरला जावई त्यात थोडा आणखी उंच होत होता. तिसऱ्या वेळी चष्मेवाल्याला ते सोसेना.

"बाबा, तसं नव्हतं ते," तो म्हणाला. "मी त्याला तार मुद्दाम दिली नाही. त्याला मासे मिळू नयेत म्हणून."

पाववाला हसला. असा मोठ्यानं हसला की धाकटीही हसू लागली. "दादा, मोठेपणाला पण काही हद्द असते," तो म्हणाला. सासरेही हसता हसता म्हणाले की ज्याच्या मनात खरंच काळं असतं तो असं चारचौघांत सांगत नाही, आणि त्यांनी जबडा उचलून थोरल्या जावयाच्या मांडीवर ठेवला. एक थोरली तेवढी हसली नव्हती. ती नवऱ्याच्या हातांकडे बघत होती.

घरी जाताना औषधांचं दुकान मागे गेलं, शाळेची भिंत मागे गेली. मग ती म्हणाली, "बाबांनी नाही ठेवला तुमच्या सांगण्यावर विश्वास. मी ठेवला."

त्यानं जबडा एका हातातून दुसऱ्या हातात घेतला.

"परवा शर्टाला बटण लावायला डबा उघडला. तारेचं रीळ. म्हटलं, हे इथे कसं? आज कळलं."

"मग बोलली का नाहीस तिथे?"

"काय बोलू? बाबा इतक्या दिवसांनी असे हसत होते." थोडं चालून झाल्यावर ती पुढे म्हणाली, "उद्या जाऊन त्याला तार देऊन या. बाबांनी जबडा ज्या माणसाला दिलाय, तो एव्हाना देऊन आला असता."

त्या रात्री चष्मेवाल्यानं जबडा स्वयंपाकघराच्या टेबलाला लावला आणि त्याच्यासमोर नुसताच बसला. गंमत अशी की पाववाल्याचा हेवा त्याला सापडेना. त्याच्या जागी दुसराच माणूस येऊन बसला होता: बाबांच्या गोष्टीतला थोरला जावई, शहाणा, दिलदार, स्वतःचं बाजूला ठेवून दुसऱ्याला देणारा. त्या माणसाला 'तू' मिळालं होतं, दगड मिळाला होता, जबडा मिळाला होता. चष्मेवाल्याला फक्त ते सगळं सांभाळायला दिलं होतं. असा जळफळाट त्याचा साडूवरसुद्धा झाला नव्हता.

सकाळी दुकान उघडण्याआधी तो बेकरीत गेला. एका पिशवीत रीळ होतं, दुसऱ्या पिशवीत जबडा. पहिली गर्दी ओसरली होती. पाववाला मागच्या खोलीत पाव भाजायचे रिकामे पत्रे घासत होता. चष्मेवाल्यानं रीळ पिठाच्या फळीवर ठेवलं.

"काल मी बोललो ते खरं होतं," तो म्हणाला. "तू हसलास म्हणून कोणाला पटलं नाही."

"खरं आहे हे मला माहीत होतं," पाववाला म्हणाला. त्यानं पत्रा खाली ठेवला आणि हात पुसले. "मंगळवारी मी बाहेर उभा होतो तेव्हा तुमच्या खिडकीतून सगळं दिसत होतं. तुम्ही रीळ डब्यात घातलंत ते पाहिलं मी. शिवाय बाबांच्या बुडीच्या पोटाशी तार चमकते, दादा. माझ्या चमकत नव्हत्या."

चष्मेवाल्यानं विचारलं, "मग तू हसलास कशाला?"

"बाबा खूष होते. गुडघे गेल्यापासून त्यांना तसं बघितलं नव्हतं. तुम्ही खरं सांगून त्यांचा तो दिवस मोडणार, म्हणून जरा मोठ्यानं हसलो."

"आणि बांधल्यास कशाला तशा? डबीभर?"

"दुसऱ्या कुठे येत होत्या मला? म्हटलं, दादांना वाटेल तेव्हा तार देतील." पाववाल्यानं मान खाजवली, आणि पहिल्यांदाच त्याच्या चेहऱ्यावर थोडी लाज दिसली. "राग आला होता हां. नाही असं नाही. रविवारी बाबांना ताजा पाव दिला आणि तुम्हाला शनिवारचा. मुद्दाम. तुम्ही सगळा खाल्लात, तेव्हा वाईट वाटलं."

चष्मेवाल्याला त्या पावाची चव आठवली, आणि तो खाताना झालेला आनंदही आठवला. हसावं की मान खाली घालावी हे त्याला ठरवता येईना. म्हणजे तो दिलदार माणूस, ज्याच्यावर तो रात्रभर जळत बसला होता, तो नुसता गोष्टीतला नव्हता. तो इथे पिठात उभा होता. हेवा पुन्हा आपल्या जुन्या जागी, पाववाल्यावर येऊन बसला, आणि या वेळी त्याला निदान रास्त कारण होतं.

त्यानं दुसरी पिशवी उघडली, जबडा काढला आणि फळीच्या कडेला आवळून बसवला. गळ लावला. "आधी तार," तो म्हणाला. "पिसाच्या आधी. इथून सुरू करायची, मानेपाशी दोनदा जास्त. हे मी तुला सांगितलं नव्हतं."

पाववाल्यानं तार घेतली. जाड बोटांनी त्यानं ती गळावर फिरवली, एकाला एक चिकटून, मध्ये केसाएवढीही फट नाही. चष्मेवाल्याला अशी जमायला दोन हिवाळे लागले होते. जित्याची खोड; पोटात दुखायला लागलंच, त्याच जागी, त्याच जोरानं.

"चांगली झालीये," तो म्हणाला. "माझ्यापेक्षा चांगली." दुखणं थांबलं नव्हतं, तरी म्हणाला.